टांझानियात माझे पोट ठीक होते

टांझानियात मी आजारी पडलो नव्हतो. हे वाक्य आरंभीच लिहून ठेवतो, कारण आमच्या सिंगापूरच्या मराठी वर्तुळात त्या प्रवासाची जी हकीकत फिरते आहे, तिच्यात माझे पोट बिघडले होते असे सांगितले जाते. सांगणारे सद्भावनेने सांगतात, हे मला मान्य आहे. हकीकत खोटी आहे.

आम्ही चौघे गेलो होतो. मी, बँकेतून निवृत्त झालेला, वय त्र्याहत्तर. माझी पत्नी. बुकित तिमाहला राहणारा एक बँकर, जो एके काळी माझ्या हाताखाली होता आणि ज्याने प्रवासाची सारी आखणी केली. आणि बुओना व्हिस्टाच्या एका संशोधन संस्थेत काम करणारे, चाळिशीचे एक इंजिनिअर. हे इंजिनिअर मूळचे नागपूरकडचे, बौद्ध. मराठी वाचकाला याहून अधिक सांगावे लागत नाही, आणि एवढे सांगितल्याशिवाय पुढचे कळणारही नाही.

चार वर्षे ते दर शनिवारी सकाळी आमच्या सेंगकांगला येत. आम्ही पाण्याच्या कडेने तासभर चालत असू आणि मग ब्लॉकखालच्या कॉफी शॉपमध्ये बसून आणखी तासभर भांडत असू. माझ्याशी भांडणारी माणसे आता फार उरलेली नाहीत. बहुतेक जण मान डोलावतात आणि घरी जाऊन हसतात. टांझानियाहून परतल्यावर ते एकाही शनिवारी आले नाहीत. ते पुन्हा येतील की नाही, एवढाच या लेखनातला प्रश्न आहे. प्रवासवर्णन त्या वाटेवर येईल तेवढेच येईल.

बँकरच्या हकीकतीत टांझानिया म्हणजे जिराफ, सूर्यास्त आणि वेळ न पाळणारी माणसे. पहिल्याच दिवशी चालकाने वेळेचा कसा घोळ घातला, हा त्याचा हमखास हशा मिळवणारा किस्सा आहे. प्रत्यक्षात घडले ते असे. स्वाहिली बोलणाऱ्यांचे घड्याळ सूर्योदयाला सुरू होते. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास. आपले दहा म्हणजे चौथा. चालकाने फोनवर चौथा तास सांगितला, बँकरने दुपारचे चार धरले. चालक दहाला हॉटेलबाहेरच्या झाडाखाली येऊन बसला. आम्ही आत पंख्याखाली पत्ते खेळत होतो. दीड तासाने हॉटेलचा कारकून खोलीवर आला तेव्हा उलगडा झाला. धावत बाहेर गेलो, तर त्या भल्या माणसाने उठून आम्हालाच म्हटले, "पोले."

पोले या शब्दाला मराठीत जोड नाही. तुमच्या वाट्याला जो काही त्रास आला त्याबद्दल मला वाईट वाटते, मग त्यात माझा दोष असो वा नसो, असा त्याचा भाव आहे. तुम्हाला ठेच लागली, पोले. लांबून प्रवास करून आलात, पोले. तुम्ही गैरसमजाने दीड तास आत बसलात, पोले. उशीर आम्ही केला होता आणि सहानुभूतीही आम्हालाच मिळाली. हे बँकर सांगत नाही, कारण यावर हशा मिळत नाही.

भाषेचा नाद आमच्यापैकी दोघांनाच होता. मी जुन्या व्याकरणाच्या पुस्तकातून शिकलो. इंजिनिअर सहा महिने एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभे राहून फोनवर शिकले. त्यांच्या खिशात एक वही असे. तीत ते आपल्या ओळखीचे शब्द टिपत: गाडीला गारी, दुकानाला डुका, आंब्याला एम्बे, रंगाला रांगी. बँकर म्हणे, सगळी आपलीच भाषा आहे की. मी त्याला तिथेच अडवले. हबारी म्हणजे आपली खबर, दुनिया आणि किताबही तिकडे आहेतच; पण हे शब्द आपण त्यांना दिलेले नाहीत. ते अरबांच्या जहाजांतून त्यांच्याकडेही गेले आणि आपल्याकडेही आले.

"काका, पण चपाती आपली," इंजिनिअर म्हणाले.

"चपाती आपली. ती मी सोडत नाही."

"मग चहा?"

"चहा चिन्यांचा. तुम्ही राहता कुठे, जरा विचार करा."

असे आमचे चाले. त्या देशात केळी घ्यायची तरी आधी सकाळची खबर, घरची खबर, कामाची खबर विचारावी लागते, आणि प्रत्येकीचे उत्तर 'चांगली' असेच द्यावे लागते. बँकरला हा वेळेचा अपव्यय वाटला. मला त्यात शिस्त दिसली. आणि एक गोष्ट तर मनापासून आवडली, ती लपवत नाही. तिथे लहान माणूस मोठ्याला 'शिकामू' म्हणतो, आणि मोठ्याने 'मराहाबा' म्हणून ते स्वीकारायचे असते. शिकामूचा मूळ अर्थ, मी आपले पाय धरतो. बाजारातली शाळकरी मुले, पोलीस, बँकेतली मुलगी, सगळी मला शिकामू म्हणत. सिंगापुरात मी लिफ्टमधला एक अंकल आहे. तिथे मी म्झे होतो, म्हणजे ज्येष्ठ, आणि आठवडाभरात माझी मान चांगलीच ताठ झाली होती.

अशा ताठ मानेने मी त्या घरी गेलो.

टांगा नावाच्या बंदराजवळच्या एका गावात आमच्या चालकाची आई राहत असे. पाहुण्यांना आईच्या हातचे जेवू घातल्याशिवाय परत पाठवणे त्याला शक्य नव्हते. माउली ऐंशीच्या पुढची असावी. अंगणात चटई अंथरलेली होती. माझ्या पत्नीला बायका आत घेऊन गेल्या. आम्ही पुरुष बाहेर बसलो, आणि माउली दाराशी बुटक्या पाटावर बसून देखरेख करू लागली. चालकाने एकेकाच्या हातावर तांब्याने पाणी घातले. मग परातीएवढे एक ताट मध्ये आले. त्याला सिनिया म्हणतात. नारळाच्या दुधातला भात, त्यावर नारळाच्याच रश्शात शिजवलेला मासा. सर्वांनी एकाच ताटात, ज्याने त्याने आपल्या समोरच्या बाजूने जेवायचे.

येथे आणखी एक हकीकत खोडून काढतो. काका शाकाहारी आहेत, असेही कोणी सांगतात. मासे मी आयुष्यभर खाल्ले आहेत. तो मासा उत्तम होता.

चालक, बँकर, मी आणि माझ्या उजव्या हाताला इंजिनिअर, असे आम्ही बसलो. पहिला घास मी घेतला, दुसराही घेतला. रिवाज असा की, बसलेल्यांतल्या धाकट्याने मोठ्याच्या बाजूला चांगला तुकडा सरकवावा. इंजिनिअरना तो चालकाने आदल्या दिवशी शिकवला होता. त्यांनी माशाच्या मधला भाग बोटांनी सोडवला, काटा काढला आणि तो तुकडा भातावरून माझ्या बाजूला ठेवला. बोटांना रस्सा लागलेला होता. तो हात माझ्या भाताला लागला.

मी चालकाला इंग्रजीत म्हणालो, "मला वेगळी प्लेट मिळेल का?"

बँकरचा हात तोंडापाशी थांबला. चालकाने आईकडे पाहिले. माउली उठली, स्वतः आत गेली, फुलांची नक्षी असलेली एक एनॅमलची ताटली घेऊन आली, अंगावरच्या वस्त्राच्या टोकाने ती पुसली आणि माझ्यापुढे ठेवली. मी खाली मान घालून जेवलो. परतीच्या वाटेवर इंजिनिअर पुढे चालकाशेजारी बसले आणि टांगा येईपर्यंत मराठीचा एक शब्दही बोलले नाहीत.

मी स्वतःशी एक बचाव तयार केला होता. आमच्या घरात उष्टे चालत नसे. आईच्या ताटातलेही आम्ही कधी उचलले नाही. बायकोच्या ताटातले मी आजही उचलत नाही. जुनी सवय, तिचा माणसाशी संबंध नाही. विमानात हा बचाव मी पत्नीला ऐकवला. ती खिडकीबाहेर पाहत होती.

"मग पहिले दोन घास कसे गेले?" ती म्हणाली.

"तेव्हा लक्षात आलं नव्हतं."

"अहो, मी आत सहा बायकांबरोबर जेवले. माझ्या लक्षात आलं होतं, आणि मी जेवले." मग ती माझ्याकडे वळली. "त्या बँकवाल्याला तुम्ही अरे-तुरे करता. यांना चार वर्षं अहो-जाहो."

"तो मान आहे."

"असेल," ती म्हणाली आणि डोळे मिटून बसली.

परतल्यावर पहिल्या शनिवारी इंजिनिअरचा निरोप आला, प्रयोगशाळेत काम आहे. दुसऱ्या शनिवारी तोच निरोप. तिसऱ्या शनिवारी निरोपही आला नाही. मी एकटाच चालून आलो आणि कॉफी शॉपमध्ये कोणाशीही न भांडता कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायलो. फोन केला नाही. मी मोठा, फोन त्यांनी करावा, असे तेव्हा वाटत होते.

मग बँकरने त्याच्या काँडोच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये प्रवासाच्या छायाचित्रांची संध्याकाळ ठेवली. वीस-बावीस माणसे आली, मुले मागे फोन घेऊन बसली. इंजिनिअर आले आणि शेवटच्या रांगेत बसले. जिराफ झाले, 'आफ्रिकन टाइम'वर हशा झाला. मग पडद्यावर एक चित्र आले, जे मी विसरलो होतो. टांगाच्या बसथांब्यावरचा बाक; बँकर आणि मी एकाच प्लेटमधून अंड्यात घोळलेले बटाट्याचे काप टूथपिकांनी खात आहोत, आणि दोघेही हसत आहोत. चित्र इंजिनिअरनी काढलेले होते. त्याच्या लगेच पुढचे चित्र, घरातल्या कोणी काढलेले, अंगणातले: मध्ये सिनिया, तीन माणसे तिच्याभोवती, आणि मी, माझ्या मांडीशी नक्षीची ताटली.

"इथे सरांचं पोट जरा नाजूक होतं," बँकर घाईने म्हणाला. "म्हणून त्यांना वेगळं वाढलं."

मागून एका मुलीने सिंगापुरी इंग्रजीत विचारले, "अंकल, देन टॉयलेट हाऊ, लाह?" सगळे हसले. तिची आई तिला दटावताना स्वतःही हसली.

मी उभा राहिलो. पत्नीने बाही ओढली. मी बाही सोडवून घेतली.

"माझं पोट ठीक होतं," मी म्हणालो. "आदल्या दिवशी याच्याबरोबर मी एका प्लेटमध्ये खाल्लं, ते आत्ता तुम्ही पाहिलंत. दुसऱ्या दिवशी यांचा हात माझ्या भाताला लागला आणि मी वेगळी प्लेट मागितली. जे झालं ते असं झालं."

यांचा, असे म्हणताना मी शेवटच्या रांगेकडे बोट केले होते. हॉलमधल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. बँकरने पुढचे चित्र लावले. ते हत्तीचे होते.

मला वाटले होते की, मी मोठे काही केले. सत्य बोलायला धाडस लागते आणि ते मी दाखवले, अशा समजुतीत मी पंधरा मिनिटे बसून होतो. मग इंजिनिअर उठून बाहेर गेलेले दिसले, आणि मीही गेलो. ते लॉबीत टॅक्सीची वाट पाहत उभे होते.

"मी खरं बोललो," मी म्हणालो.

"हो."

"मग?"

"काका, मी बुओना व्हिस्टात राहतो. माझा फोन नंबर तुमच्याकडे आहे. हे मला सांगायला बावीस माणसं कशाला लागली?"

मी म्हणालो की, खोटे सर्वांसमोर सांगितले गेले, म्हणून ते सर्वांसमोरच खोडणे भाग होते.

"ते खोटं माझं होतं," ते म्हणाले.

मला कळले नाही.

"पोटाचं. ते तुमच्या बँकवाल्यांनी रचलेलं नाही, त्यांना चालकानं सांगितलं. त्या आजी ताटली आणायला उठल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं, म्झेंना बरं नाही, पोट दुखतंय, तुमच्या अन्नात काही दोष नाही. स्वाहिलीत सांगितलं. तुम्ही खाली बघत होतात."

"माझ्यासाठी खोटं बोललात?"

"तुमच्यासाठी नाही. त्यांच्यासाठी. ऐंशी वर्षांच्या बाईनं सकाळपासून चूल पेटवली होती. तिला वाटलं असतं, आपल्याच हाताचं काही चुकलं." टॅक्सी अजून आलेली नव्हती; ते रस्त्याकडे पाहत बोलत राहिले. "आणि आज तुम्ही उभे राहिलात. आता तिथला प्रत्येक जण तुम्हाला प्रामाणिक म्हणेल. आणि मला सोमवारी दोघे-तिघे विचारतील, वाईट नाही ना वाटलं. त्यांना उत्तरं मी द्यायची."

इतके दिवस मी मनात त्यांना मुके समजत होतो. त्या अंगणात त्यांनी काहीच म्हटले नाही, याचाही मला थोडा राग होता. मी व्याकरणाच्या पुस्तकातून भाषा शिकलेला माणूस, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर माझ्याविषयी त्या भाषेत जे बोलले गेले, ते मी ऐकलेच नव्हते.

"मी हे लिहीन," मी म्हणालो. "जसं घडलं तसं. नावं न घालता."

"लिहा. पण छापण्याआधी मला दाखवा."

"ईमेलनं पाठवतो."

"नाही. आणून दाखवा." टॅक्सी आली. दार उघडून ते थांबले. "चार वर्षांत तुम्ही एकदाही माझ्या घरी आला नाहीत, काका. त्या आजींकडे मात्र चौदा तास विमानात बसून गेलात."

हे विधान तपासून पाहिले. माझे गुडघे दुखतात, ते तरुण आहेत, चालायची जागा सेंगकांगला आहे, ही सर्व कारणे मी टॅक्सी गेल्यावर त्या लॉबीत उभ्याने गोळा केली. गुडघे दुखत असताना मी टांझानियात चढण चढलो होतो. सेंगकांगहून बुओना व्हिस्टाला जायला सेरांगूनला एकदा गाडी बदलावी लागते, बस्स.

तीन आठवडे लिहिण्यात गेले. मग एका शनिवारी सकाळी पाने घेऊन मी गेलो. दार त्यांच्या आईने उघडले. त्या नागपूरहून दोन महिन्यांसाठी आल्या होत्या. वयाने माझ्याएवढ्या, पांढरी सुती साडी, चष्मा दोरीने गळ्यात.

"आई, ते काका आहेत," आतून आवाज आला.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "तेच का?"

"हो," मी म्हणालो. "तोच."

त्या बाजूला झाल्या. खोलीत बुद्धाची एक लहान मूर्ती, पुस्तके, जेवणाचे टेबल. इंजिनिअरनी खुर्ची दाखवली, पाने घेतली आणि लाल पेन उघडून वाचायला बसले. त्यांच्या आई समोर बसून शेंगा सोलत होत्या. माझ्या परीक्षा संपल्याला पन्नास वर्षे झाली, पण मी त्या लाल पेनावरची नजर हलवली नाही.

पेन एका ठिकाणी थांबले. उष्ट्याची जुनी सवय, तिचा माणसाशी संबंध नाही, हे मी त्या पानांत सिद्ध झालेली गोष्ट म्हणून लिहिले होते, आता वर लिहिले आहे तसे स्वतःशी केलेला बचाव म्हणून नव्हे.

"हे काढा," ते म्हणाले.

"का? ती सवय खरोखरच आहे."

"सवय असती तर बसथांब्यावर आठवली असती."

"ते कोरडं होतं," मी म्हणालो. "टूथपिकनं खाल्लं होतं. कोरड्याला उष्टं लागत नाही. ओल्या भाताची गोष्ट वेगळी असते." हे मी वादाच्या भरात म्हणालो. शनिवारी कॉफी शॉपमध्ये असेच म्हणालो असतो.

शेंगा सोलणारे हात थांबले. "आमच्याकडे एक गुरुजी यायचे," त्यांच्या आई म्हणाल्या. "याच्या वडिलांना शिकवलेले. फार भला माणूस. माझ्या हातचे फुटाणे खायचे. पाणी मात्र घरी जाऊन प्यायचे. विचारलं की तेही हेच सांगायचे, कोरड्याचं वेगळं, ओल्याचं वेगळं." आवाज चढलेला नव्हता. "मी तेव्हा वीस वर्षांची होते. आता तुम्हीही तेच सांगा, मी ऐकते."

तो वाद मी तिथेच सोडला. आयुष्यात मी फार कमी वाद मधेच सोडले आहेत. हात पुढे करून ते पेन मागून घेतले आणि ते वाक्य स्वतःच्या हाताने खोडले. पेन परत दिले. इंजिनिअर पान उलटून पुढे वाचू लागले.

"पाणी मिळेल का?" मी विचारले.

त्यांच्या आई उठल्या नाहीत. "आत ओट्यावर फिल्टर आहे," त्या म्हणाल्या. "ग्लास घासलेले आहेत. पण आम्ही त्यातूनच पितो, हे सांगून ठेवते."

मी उठून आत गेलो, ग्लास घेतला, भरला आणि तिथेच उभ्याने प्यायलो. बाहेर आलो तेव्हा ते पुढच्या पानावर पोहोचले होते, आणि तिथेही त्यांचे पेन थांबलेले होते.

"इथेही एक आहे," ते म्हणाले. "बसा, काका."

मी बसलो.